शरणागतीची कवायत

माणूस पहिल्या वर्षी चालायला शिकतो. पोलिसात भरती झाला की त्याला ते विसरायला लावतात आणि पुन्हा नव्यानं चालायला शिकवतात. हे दुसऱ्यांदा शिकवण्याचं काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. आमच्या खात्यात अशा माणसाला उस्ताद म्हणतात. गाणारे उस्ताद वेगळे. त्यांच्यापुढं लोक मान डोलावतात, आमच्यापुढं मान हलली तर मैदानाला चक्कर मारावी लागते. ‘तुमचे वडील काय करतात’ असं कुणी विचारलं की माझी मुलगी सांगायची, ‘लोकांना उन्हात फिरवतात.’ इतक्या वर्षांत माझ्या कामाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, आणि पुस्तकं मी बरीच वाचली. संचलनात पाहुण्यांची वाट बघण्यात जितका वेळ जातो, तितक्यात एखादी जाड कादंबरी सहज संपते.

कवायतीतल्या दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला कळल्या की पुरे. पहिली, प्रत्येक हुकमाचे दोन तुकडे असतात. ‘सलामीऽऽऽ’ हा इशारा, तो लांबवायचा. ‘शस्त्र’ हा हुकूम, तो तोडायचा. इशारा चालू असताना कुणी हलायचं नाही आणि हुकूम पडल्यावर कुणी थांबायचं नाही. दोन्हींच्या मधल्या जागेत माणसाला विचार येऊ नये, यासाठी आम्ही त्याला महिनोन् महिने घासतो. दुसरी गोष्ट अशी की सगळं संचलन प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीला टांगलेलं असतं. पाहुणे उभे राहिले की बँडमास्तर सलामीची धून उचलतो. धून कानावर पडली की परेड कमांडर सलामीचा हुकूम देतो. कार्यक्रमपत्रिका छापतात, पण ती कुणी बघत नाही. सगळ्यांचे डोळे त्या खुर्चीवर. ही गोष्ट ठाऊक नसलेला मैदानावर एकच माणूस असतो, आणि तो त्या खुर्चीवर बसलेला असतो.

मराठवाड्यात झेंडावंदनाचा एक दिवस इतर महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे, सतरा सप्टेंबरचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो. रझाकार म्हणून त्याच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या गावोगाव फिरत, लुटत, जाळत, मारत. वर्षभरानं भारतीय सैन्य आलं आणि चार-पाच दिवसांत निजाम शरण गेला. त्या मोहिमेला लोक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. त्या ॲक्शनमध्ये पोलीस नव्हते, रणगाडे होते. तरी नावात आलो म्हणून असेल, दर वर्षी त्याची मानवंदना आम्ही देतो. हुतात्मा स्तंभापुढं हवेत तीन फैरी झाडायच्या, कावळे उडवायचे आणि पाहुण्यांचं भाषण सोसायचं. या कामात आमचा हात कुणी धरणार नाही.

स्टेजवर या दिवसाला मुक्तिसंग्राम म्हणतात. जुनी माणसं पारावर बसून ‘ॲक्शन’ म्हणतात. मुसलमानांच्या गल्लीत त्याचं नाव ‘गडबड’ आहे आणि तेही आवाज खाली करून घेतात, कारण सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत गावोगाव जे झालं ते कुठल्याच भाषणात येत नाही. माझ्या हाताखाली खरात नावाचा नाईक होता, बौद्ध, जिभेनं तिखट. तो म्हणायचा, ‘‘उस्ताद, आमच्या आज्याला रझाकारांनी बी वेठीला धरलं आन् त्यांना धरायला आलेल्यांनी बी. आमी नक्की कुणापासून मुक्त झालो, तेवढं एकदा भाषणात टाकाय सांगा की.’’ मी ते पुढं सांगितलं नाही. भाषणं आमच्याकडं नसतात, आमच्याकडं टाचा असतात.

एका वर्षीचे अण्णा मात्र विसरता येत नाहीत. खरोखर तुरुंगात जाऊन आलेले, नव्वदी ओलांडलेले. त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं होतं, पण तिथं स्वातंत्र्यसैनिकांचे नातू, नातसुना आणि एका नातसुनेचा भाऊ बसला होता. त्याला उठवायला कुणी धजेना. अण्णा मागं मुलांच्या घोळक्याजवळ दगडावर बसले. संचलन संपल्यावर मला बोलावलं आणि म्हणाले, ‘‘काय रं, ही पोरं इतके पाय आपटून कुणाला भेवडावत्यात?’’

मी म्हणालो, ‘‘सलामी देतात, अण्णा.’’

‘‘आमाला बी असंच पाय आपटून भेवडवीत. निजामाचे शिपाई. ह्याहून बरं आपटीत,’’ असं म्हणून ते उठले. उस्ताद म्हणून मला त्यातला शेवटचा भाग जास्त लागला.

आता मूळ गोष्ट. अमृतमहोत्सवाचं वर्ष होतं. एका तालुक्याच्या गावी मोठा सोहळा ठरला. गावाचं नाव लिहीत नाही. पाटोद्याचे म्हणतील वडवणी आणि वडवणीचे म्हणतील पाटोदा; दोघांचीही सोय झाली. संचलन बसवायला मला पाठवलं. सोहळ्याची जबाबदारी एका तरुण साहेबांकडं होती. कुठल्या खात्याचे ते सोडा. हुशार माणूस, चांगली पदवी, दांडगा उत्साह. उत्साही अधिकारी आणि पावसाळ्यातली लाइट या दोहोंचा मी नोकरीभर धसका घेतला. कोरडं संचलन त्यांना नको होतं. ‘जिवंत देखावा’ हवा होता: रझाकारांची टोळी मैदानात उभी, समोरून भारतीय सैन्य येतं, रझाकार बंदुका टाकतात, हात वर करतात, टाळ्या.

सैन्य मिळायला अडचण आली नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पंचवीस-तीस पोरं एका दिवसात गोळा झाली. ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरवर प्लायवूडचा रणगाडा चढवला. गणपतीची आरास करणाऱ्यानं तो केला होता, त्यामुळं त्याला कमळाच्या पाकळ्यांची किनार आली होती. तोफ म्हणून बोअरचा पाइप. अडचण आली ती रझाकारांची. रझाकार व्हायला कुणी तयार होईना. शेवटी साहेब म्हणाले, ‘‘मग ड्युटी लावा.’’ आमच्याकडं प्रत्येक अडचणीचं हेच उत्तर असतं. सात पोलिसांना रझाकार म्हणून ड्युटी लागली. त्यांत खरात होता.

आठवा, म्हणजे रझाकारांचा म्होरक्या, साहेब स्वतः निवडणार होते. तुकडीपुढून चालत ते उजव्या टोकाला आले आणि सलीमभाईंपुढं थांबले.

हवालदार सलीमभाई माझ्याहून थोडे मोठे. सहा फूट उंची, सरळ पाठ, धारदार नाक. जिल्ह्यात त्यांच्यासारखी टाच पडलेली मी ऐकली नाही. प्रत्येक संचलनात पहिल्या तुकडीपुढं निशाण तेच धरत. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. ही त्यांची शेवटची परेड.

‘‘हे परफेक्ट आहेत,’’ साहेब म्हणाले.

मी म्हणालो, ‘‘सर, निशाण त्यांच्याकडं असतं. शेवटची परेड आहे त्यांची.’’

‘‘मग चांगलंच आहे की. लक्षात राहील.’’

दुपारी मी साहेबांना एकटं गाठलं. म्होरक्या मीच बनतो म्हणालो. साहेबांनी माझ्या पोटाकडं पाहिलं आणि हसले. ‘‘उस्ताद, लोकांना बघताक्षणी ओळखू आलं पाहिजे, हा रझाकार आहे म्हणून.’’

‘‘कशावरून ओळखायचं, सर?’’

साहेबांनी मोबाइलकडं पाहिलं. शिकलेल्या माणसाचा मोबाइल अशा वेळी हमखास वाजतो.

सलीमभाई मैदानाच्या कडेला बूट सोडून बसले होते. मी शेजारी बसलो. आम्हा दोघांत या विषयावर कधी बोलणं झालं नव्हतं, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं. माझ्या आजीचा भाऊ रझाकारांनी मारला. बाजारातून बैल घेऊन परतत होता. सत्याग्रहात नव्हता, चळवळ हा शब्द त्याच्या कानावर आला असेल की नाही शंका आहे. त्यांना बैल हवे होते आणि त्यानं कासरा सोडला नाही. त्याचं नाव हुतात्मा स्तंभावर आहे. सलीमभाईंचे आजोबा उमापूरच्या बाजूच्या एका खेड्यात निजामाच्या नाक्यावर शिपाई होते. ॲक्शननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना गावच्याच लोकांनी मारलं आणि विहिरीत टाकलं.

‘‘सलीमभाई, आजारी पडा,’’ मी म्हणालो. ‘‘पाठ धरली म्हणून सांगा. मी बघतो पुढं.’’

‘‘न्हाई उस्ताद. उभी नोकरी हुकूम ऐकला, आता जाताजाता काय बहाना करायचा.’’ ते मोजा झटकत म्हणाले. ‘‘पन हात वर करायचं म्हंजी... अम्मी येनार हाय बगायला. दर साली म्हनती, एकदा निशान धरल्यालं बगते. आवंदा शेवटचं म्हनून भाच्यानं गाडी केलीय. आता तिला काय सांगू? निशान न्हाई, आवंदा तुजा ल्योक रझाकार हाय?’’

मी मग विचारू नये ते विचारलं, ‘‘आजोबा होते का हो? रझाकारांत?’’

‘‘कुनी म्हनतं होते, कुनी म्हनतं नव्हते. आमाला बी ठाव न्हाई. इचारायला त्यांना कुनी ठिवलं कुठं?’’ मोजा चढवत ते पुढं म्हणाले, ‘‘तुमच्या मामाआज्याचं नाव दगडावर तरी हाय. आमच्यात ती हीर व्हती, ती बी बुजवली.’’

एवढंच. मग शिटी झाली आणि आम्ही सरावाला उठलो.

सराव हा प्रकार अवर्णनीय होता, पण वर्णन केल्याशिवाय राहवत नाही. आधी कपडे आले. नाटकांना कपडे भाड्यानं देणाऱ्याकडं रझाकारांचे कपडे नव्हते, म्हणून त्यानं शिवकालीन नाटकातले जांभळे अंगरखे पाठवले. तीनशे वर्षांची चूक. साहेब म्हणाले, ‘‘लांबून कळत नाही.’’ इतिहासाबद्दलचं आमचं एकूण धोरण त्यांनी तीन शब्दांत सांगितलं.

मग बंदुका टाकायची वेळ आली. कवायतीच्या जुन्या, निकामी केलेल्या बंदुका होत्या. साहेबांनी इशारा केला आणि आठ रझाकारांनी आपापली बंदूक, गुडघ्यात वाकून, तान्हं बाळ ठेवावं तशी जमिनीवर ठेवली. सगळ्या नळ्या एका रेषेत.

‘‘अरे, ठेवता काय? फेका!’’ साहेब ओरडले.

पुन्हा तेच. पोलिसाच्या हातून बंदूक पडणं म्हणजे काय, ते त्याच्या अंगात पहिल्या महिन्यात मुरवलेलं असतं. मी स्वतः मुरवलेलं. आता ते काढायचं कसं, याचं शिक्षण कुठंच मिळत नाही.

‘‘घाबरल्यासारखं करा ना! समोर रणगाडा आहे!’’

रणगाड्यावर मुकादम तंबाखू मळत बसला होता. खरात सावधान होऊन म्हणाला, ‘‘सर, घाबरायचं गिनतीनं सांगा.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एकला काय करायचं, दोनला काय करायचं. असं मोकळंमोकळं घाबराय आमाला येत न्हाई.’’

साहेबांना वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. शेवटी मीच शरणागतीची कवायत बसवली. भारतात अशी कवायत मी सोडून कुणी बसवली असेल असं वाटत नाही. एकला डावा पाय मागं. दोनला बंदूक खाली. तीनला दोन्ही हात वर, तळवे समोर. माझ्या हुकमाशिवाय कुणी हलायचं नाही. आठही जण एका घावात शरण येऊ लागले. इतकी शिस्तबद्ध घाबरगुंडी कुठल्या फौजेची उडाली नसेल. फक्त सलीमभाईंचे हात खांद्यापर्यंत येऊन थांबत, एसटीला हात केल्यासारखे. ‘‘आणखी वर,’’ साहेब म्हणत. ते आणखी थोडे वर जात. मी बुटांकडं बघत ‘तीन’ म्हणायचो.

तो दिवस उजाडला. चुन्याच्या फक्कीच्या रेघा, पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या, फेटे. पाहुणे नेहमीप्रमाणं उशिरा आले. तोवर भरतीच्या पोरांपैकी दोघं उन्हानं चक्कर येऊन पडले होते. झेंडा झाला, सलामी झाली, तीन फैरी झाल्या. निशाण एका नव्या पोरानं धरलं होतं, ते वाऱ्याबरोबर त्यालाही ओढत होतं. नातलगांच्या मांडवात, पुढच्याच खुर्चीवर, काळा बुरखा मागं सारून सलीमभाईंची अम्मी बसली होती. निशाण समोरून गेलं तेव्हा तिनं धरणाऱ्याचा चेहरा निरखून बघितला आणि शेजारच्या भाच्याला काहीतरी विचारलं.

मग देखावा सुरू झाला. निवेदकानं ध्वनिक्षेपकावर रझाकारांच्या जुलमांचं वर्णन आरंभलं. जांभळ्या अंगरख्यातले आठ जण स्टेजच्या अगदी समोर, कारण साहेबांना ते फोटोत यायला हवे होते. मी त्यांच्या बाजूला. समोरून कमळाचा रणगाडा धूर काढत निघाला, मागं भरतीची पोरं पळत होती. म्हणजे पुढची पळत होती. मागची मोबाइलवर चित्रण करत होती. निवेदक ‘आणि अखेर’ म्हणाला. ही माझी खूण. आता एक, दोन, तीन.

मी ‘एक’ म्हणणार तोच पाहुणे उठून उभे राहिले.

त्यांना फोन आला होता. बसून नीट ऐकू येईना म्हणून उठले, बाकी काही नाही. पण पाहुणे उठले म्हणून पहिली रांग उठली. पहिली रांग उठली म्हणून सगळा मांडव उठला. बँडमास्तरनं पाहुण्यांना उभं पाहिलं आणि सलामीची धून उचलली. धून कानावर पडताच परेड कमांडरच्या तोंडून ‘सलामीऽऽऽ शस्त्र’ निघून गेलं. मैदानावरच्या प्रत्येक वर्दीधारी माणसानं सलामी दिली, आणि वर्दी झाकून जांभळे अंगरखे घातलेल्या आठांनीही दिली. त्यांच्या टाचा एकदम वाजल्या. सात बंदुका एका रेषेत उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढं सलीमभाई, ताठ.

मुक्तिदात्या सैन्याचं मात्र पूर्ण पानिपत झालं. कुणी हातानं सलाम केला, कुणी छातीवर हात ठेवला, एकानं हात जोडले. रणगाडा थांबवायचा कसा हे मुकादमाला सुचेना, म्हणून त्यानं हॉर्न वाजवला. आणि पाहुण्यांनी डावा हात कानाला तसाच ठेवून, उजवा कपाळाला लावून, समोर जी तुकडी सर्वांत सरळ उभी होती तिची सलामी घेतली. अमृतमहोत्सवी वर्षात, हुतात्मा स्तंभाच्या साक्षीनं, रझाकारांना अशी मानवंदना मिळाली. निजामाला हे साधलं नव्हतं.

धून संपली. ‘बाजू शस्त्र’ झालं, बंदुका पुन्हा खाली आल्या. पाहुणे बसले, लोक बसले. निवेदकानं धीर करून पुन्हा ‘आणि अखेर’ म्हटलं.

आता माझ्याकडं वेळ होता. हुकूम द्यायचा तो मीच देणार होतो, आणि मी दिल्याशिवाय आठांतला एकही हलणार नव्हता. स्टेजच्या कोपऱ्यातून साहेब मला खुणावत होते, हात वर, हात वर. स्वतःचे दोन्ही हात डोक्यावर नेऊन, तळवे समोर करून दाखवत होते. त्या दिवशी सबंध मैदानात हात वर झाले ते एकट्या साहेबांचे. फोटोग्राफरनं तेवढाच फोटो नीट काढला.

मी सलीमभाईंकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. समोर बघत होते, शिकवल्याप्रमाणं. मी आवाज लांबवला, ‘‘रझाकार टोळीऽऽऽ, दाहिने मुड! तेजऽऽऽ चल!’’

ते निघाले. अंगरख्यांचे घोळ पायांत येत होते, तरी पाऊल चुकलं नाही. मैदानाला वळसा घेऊन पुन्हा स्टेजसमोर आल्यावर सलीमभाईंनी स्वतः हुकूम सोडला, ‘‘दाहिनेऽऽऽ देख!’’ आठ माना एकदम वळल्या. मैदानाच्या पार पलीकडच्या कुंपणावरची माणसंही टाळ्या वाजवू लागली. हे कोण आहेत याचा विचार कुणी केला नाही. चालणं चांगलं होतं, एवढं त्यांना दिसलं.

कार्यक्रमानंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं. ‘‘रझाकार शरण का आले नाहीत? मला उत्तर हवंय.’’

‘‘सर, सलामी झालेली होती. पाहुण्यांनी सलामी घेतलेल्या तुकडीला पुढं शरण आणता येत नाही. कवायतीत तशी तरतूद नाही.’’

अशी तरतूद असते की नसते, हे साहेबांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुणे गाडीत बसताबसता वळून म्हणाले, ‘‘ती जांभळी तुकडी कुठली हो? लई भारी चालली.’’ साहेब मग हसून म्हणाले, ‘‘आपलीच आहे, सर. खास तयार करून घेतली.’’ चौकशी तिथंच मिटली. मुक्तिसंग्राम कुणी केला याचे वाद कसे तयार होत असतील, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

मी आणि सलीमभाई नातलगांच्या मांडवाकडं गेलो. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. अम्मी मात्र बसून होती. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, एकाच भाऊबंदकीत. गडबड झाली तेव्हा ती परकर नेसून फिरणारी पोर होती. त्या दिवसांबद्दल तिनं घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं, असं सलीमभाई सांगत. त्यांनी अंगरखा काढून खांद्यावर टाकला आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. शाळकरी पोरासारखे भरभर खुलासा देऊ लागले. निशाण का नव्हतं. हे कपडे कसले. आणि खरं म्हणजे असं व्हायचंच नव्हतं, वेगळंच ठरलं होतं.

‘‘हात ऊपर करके खडा रहना था मेरेकू,’’ ते म्हणाले. ‘‘भोत गडबड हो गई, अम्मी.’’

म्हातारीनं त्यांच्या खांद्यावरचा अंगरखा काढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालू लागली.

‘‘नै करा तो अच्छा करा,’’ ती म्हणाली. ‘‘तेरे दादाने करे थे. दोनो हात.’’